आधी पाहणे, मग आभार

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मुंबईतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाच्या गावठाणांत आगेरा असतो. भाताची नवी कणसे वाजतगाजत देवळात येतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात, मिस्सेत ती वेदीवर अर्पण होतात आणि मग घरोघर जाऊन क्रुसापाशी खोवली जातात. कोकणात याच सुमारास नव्याची पुनव असते. गोव्यात रायच्या देवळात कणसांचे फेस्त त्याच्याही आधी, ५ ऑगस्टला होते. पीक घरात येण्याआधी त्याचा पहिला वाटा देणाऱ्याकडे नेण्याची ही रीत या किनाऱ्यावर सगळ्यांच्याच ओळखीची आहे. बायबलमधल्या अनुवादाच्या ग्रंथातही पहिल्या उपजाची टोपली वेदीपुढे ठेवायला सांगितले आहे.

मला या सणात मिरवणुकीइतकेच मोल तिच्या आधीच्या कामाचे वाटते. कुणीतरी बांधावर उभे राहून कणसे निवडलेली असतात. कुठले भरले आहे, कुठले पोचट राहिले, कुठे कीड लागली, परतीचा पाऊस कुठे झोडपून गेला, हे सगळे त्या निवडीत पाहिले जाते. आभाराची प्रार्थना देवळात म्हटली जाते, पण तिची सुरुवात बांधावर झालेली असते. हे पुस्तक याच एका गोष्टीभोवती उभे आहे. ख्रिस्ती जीवनात कृतज्ञता ही काही भाग्यवंतांच्या स्वभावाची देणगी मानलेली नाही. ती पाहण्याच्या सरावाने येते, आणि पाहण्याची सवय मोडली की आभार ओठांवरच राहतात.

येशूची शिकवण वाचताना त्याच्या नजरेकडे लक्ष दिले तर हे सहज कळते. मोहरीचा दाणा, कणकेत मिसळलेले खमीर, हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई, रानातली फुले, आकाशातली पाखरे. मंदिरातल्या दानपेटीसमोर बसून लोक पैसे कसे टाकतात ते तो पाहत होता, म्हणून दोन दमड्या टाकणारी विधवा त्याला दिसली. शिष्यांना ती दाखवावी लागली. लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि आभार मानायला एकच परततो, तोही परका, शोमरोनी. आपण बरे झालो हे त्याने पाहिले आणि मग तो वळला, असा क्रम लूकने नोंदवला आहे. बाकीचे नऊ कृतघ्न होते असे आपण प्रवचनांत नेहमी ऐकतो. मला वाटते, त्यांनी आपल्या हातांकडे नीट पाहिलेच नसावे. आणि पकडले जाण्याच्या रात्री, पुढे काय होणार हे ठाऊक असताना, येशूने भाकर हाती घेऊन आभार मानले. प्रत्येक मिस्सा त्या रात्रीच्या आभारावर उभी आहे. त्यामुळे ख्रिस्ती कृतज्ञतेला सुखाची अट घालता येत नाही.

या बीजाचे झाड पुढे कसे वाढले, याची थोडी ओळख नव्या वाचकाला हवी. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या संन्याशांनी मनात येणाऱ्या प्रत्येक विचारावर पहारा ठेवण्याचे शास्त्र तयार केले. इव्हाग्रियस हे त्यातले मोठे नाव. पौर्वात्य चर्चने हा वारसा शतकानुशतके जपला आणि १७८२ मध्ये व्हेनिसला छापलेल्या ‘फिलोकालिया’ या संग्रहात तो एकत्र आला. पश्चिमेत सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टने आपल्या नियमावलीत मठाच्या कोठारातली भांडी आणि अवजारे वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी हाताळायला सांगितले. प्रार्थना आणि कुदळ यांच्यातली भिंत त्या एका सूचनेने पाडली.

तिसरा प्रवाह येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याचा. त्याच्यापाशी मला जास्त थांबायचे आहे, कारण आपल्या घरांत तो सर्वात सहज रुजू शकतो. १५४८ मध्ये छापलेल्या ‘आध्यात्मिक साधना’ या त्याच्या पुस्तिकेत दिवसाच्या परीक्षणाची पाच पावले दिली आहेत. मिळालेल्या देणग्यांबद्दल देवाचे आभार मानायचे, स्वतःला ओळखण्याची कृपा मागायची, दिवसाचा तास न् तास आठवायचा, क्षमा मागायची आणि उद्यासाठी निश्चय करायचा. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपल्यापैकी बहुतेकांना विवेक-परीक्षण शिकवले गेले ते पापनिवेदनाची तयारी म्हणून. चुकांची यादी करायची आणि फादरांपुढे वाचायची. इग्नेशियसच्या क्रमात मात्र पापाच्या आधी आभार येतात. हा क्रम साधा वाटतो, पण त्याने सगळे परीक्षण बदलते. पहाटे बंदरावरून मासळी घेऊन मालाडच्या बाजारात बसणारी बाई रात्री असा दिवस आठवू लागली, तर पाटी डोक्यावर चढवताना हात देणारा अनोळखी माणूस तिला आठवतो, उधारी न विसरता आलेले गिऱ्हाईक आठवते, आणि मग शेजारणीवर विनाकारण ओरडल्याचेही आठवते. आभाराच्या उजेडात पाहिलेली चूक माणसाला खचवत नाही. येशूसंघीय हे परीक्षण दुपारी आणि रात्री, दिवसातून दोनदा करतात. दहा-पंधरा मिनिटे पुरतात, पुस्तक लागत नाही, वेगळी खोली लागत नाही.

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा, युद्धात जखमी झालेला एक साधा माणूस वर्षानुवर्षे स्वयंपाकघरात राबला. भांड्यांच्या खडखडाटातही आपण देवाजवळच असतो, असे तो सांगे. त्याच्या मृत्यूनंतर त्याची संभाषणे आणि पत्रे छापली गेली आणि पंथांच्या भिंती ओलांडून वाचली गेली. लिझ्यूची संत तेरेजा चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली, तिने लहान कामांची वाट दाखवली. विसाव्या शतकात सिमोन वेल या फ्रेंच विचारवंत स्त्रीने निर्भेळ लक्ष हीच प्रार्थना मानली, आणि दुःखी माणसाकडे पूर्ण लक्ष देणे ही शेजारप्रीतीची पहिली पायरी ठरवली. ती गीतेची वाचक होती, संस्कृत शिकली होती.

आता आपल्या अंगणाकडे वळू. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या उंबरठ्यावरच फादर थॉमस स्टीफन्स उभे आहेत. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज येशूसंघीयाने जवळपास ११,००० ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. परक्या माणसाने इथली ओवी इतकी नीट ऐकली की तिच्यातच त्याला देवाची गोष्ट सांगता आली, हे लक्ष देण्याचे फार मोठे उदाहरण आहे. ज्या भाषेत तो लिहीत होता तिला या सरावाची सवय आधीपासून होतीच. सावता माळ्याचा मळा, जनाबाईचे जाते, गोरोबाची माती: कामात देव भेटतो, हे मराठी माणसाला कुणी बाहेरून येऊन सांगावे लागले नाही. गोरोबाची कथा मात्र मला नेहमी अस्वस्थ करते. भजनात बुडालेले पाय मातीबरोबर रांगत आलेल्या बाळालाही तुडवतात. कथेत ते बाळ परत मिळते, पण तल्लीन होणे आणि लक्ष असणे यांतले अंतर तिथे ठळक होते. या पुस्तकाला दुसरी गोष्ट हवी आहे, पायाखाली कोण आहे हे दिसत राहणारी भक्ती.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. त्यांनी ख्रिस्तभक्तीला अभंगाची लय दिली आणि त्यांची गीते मराठी उपासनेत आजही गायली जातात. परंतु लक्ष देण्याच्या बाबतीत मी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांच्या पुढे ठेवीन. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे काही प्रार्थनेचे पुस्तक नाही. त्यात सोवळ्याने गांजलेले माहेर आहे, विसराळू आणि उदार नवरा आहे, रिकामे डबे आहेत, भांडणे आहेत, अवेळी दारात आलेले पाहुणे आहेत. तरीही कशालाच किरकोळ न समजणारी ती नजर आहे, आणि जिने त्रास दिला त्या आठवणीतही माणूस शोधण्याची तिची सवय आहे. हातात फारसे शिक्षण नसलेल्या बाईने हे लिहिले. रोजच्या जगण्यातली कृतज्ञता मराठीत कशी बोलते हे ज्याला ऐकायचे असेल त्याने ते पुस्तक उघडावे.

पंडिता रमाबाईंची कृतज्ञता वेगळ्या धातूची होती. आपल्याला काय मिळाले याची साक्ष त्यांनी १९०७ मध्ये लिहून ठेवली. पण त्याआधी, १८९६-९७ च्या दुष्काळात, मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींना त्यांनी पाहिले आणि त्यांना केडगावच्या मुक्ती सदनात आणले. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल आणण्यात घालवली. ज्याला देणगी दिसते त्याला उपासमारही दिसते. नजर एकच असते.

ग्रंथांच्या या इतिहासाखाली गावांचा एक अलिखित इतिहास वाहतो आहे. मनोरी, गोराई, उत्तन, डोंगरी ही धारावी बेटावरची गावे. नावामुळे माहीमजवळच्या वस्तीशी गल्लत होते म्हणून सांगतो, हे बेट मार्वेच्या खाडीपलीकडचे. १५३४ मध्ये वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकला, नंतर इंग्रज आले. या सगळ्या उलथापालथीत इथल्या कोळी आणि शेतकरी ख्रिस्ती घरांनी श्रद्धा टिकवली ती मुख्यतः तोंडपाठ प्रार्थनांवर आणि दिवसाच्या ठरल्या वेळांवर. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी देवळाची घंटा व्हायची आणि हातातले काम थांबायचे. संध्याकाळी जपमाळ, मग थोरांचा आशीर्वाद. वाटेवरचे क्रूस हा याच इतिहासाचा भाग आहे. मुंबईच्या गावठाणांतले कित्येक क्रूस १८९६ मध्ये आलेल्या प्लेगच्या काळात, वाचलो म्हणून किंवा वाचव म्हणून, उभारले गेले. मे महिन्यात त्यांच्यापुढे लितानी गाणाऱ्या मुलांना ही गोष्ट सांगितली तर त्यांच्या आवाजात फरक पडेल, अशी माझी खात्री आहे. गोराईचे देऊळ तर पूर्वेकडच्या तीन ज्ञानी पुरुषांच्या नावाचे आहे. रोज दिसणाऱ्या आकाशात एक नवा तारा त्यांच्या लक्षात आला, म्हणून ते घराबाहेर पडले.

१९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना जागा दिली आणि मिस्सा मराठीतून कानी पडू लागली. त्यानंतरच्या पिढीत मुंबईनेच जगाला या विषयातला एक मोठा गुरू दिला. फादर अँथनी डिमेलो १९३१ मध्ये सांताक्रूझला जन्मले, येशूसंघात गेले आणि ‘साधना’ संस्थेचे काम त्यांनी आधी पुण्यात आणि मग लोणावळ्याला चालवले. १९७८ च्या त्यांच्या ‘साधना’ या पुस्तकाची सुरुवात शब्दांच्या प्रार्थनेने होत नाही. गप्प बसा, अंगावरच्या कपड्यांचा स्पर्श जाणवतो का पाहा, श्वास नाकातून कसा जातो-येतो त्याकडे लक्ष द्या. एका बौद्ध शिबिरात शिकलेली गोष्ट त्यांनी ख्रिस्ती प्रार्थनेच्या दारात आणून ठेवली. १९८७ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचे अचानक निधन झाले. त्यांना बांद्र्याच्या सेंट पीटर्सच्या दफनभूमीत ठेवले आहे.

१९९८ मध्ये रोमच्या श्रद्धा-सिद्धान्तविषयक मंडळाने त्यांच्या काही लिखाणाबद्दल सावधगिरीची सूचना काढली. देव व्यक्ती आहे, हाक ऐकणारा आहे, हे त्यांच्या उत्तरकाळच्या लेखनात पुसट होते, असा तो आक्षेप होता. डिमेलोंच्या शिष्यांना ही सूचना लागली. मला त्यांच्या साधनेने खूप दिले आहे, तरी हा प्रश्न टाळण्यासारखा वाटत नाही. गोराई खाडीकाठी २००९ मध्ये खुला झालेला विपश्यनेचा पॅगोडा आहे, त्याच्या घुमटाखाली सुमारे ८,००० माणसे एका वेळी ध्यानाला बसू शकतात. तिथे शिकवले जाणारे लक्ष खरे आहे, शिस्तीचे आहे आणि आपण त्याच्याकडून शिकावे असे त्यात पुष्कळ आहे. पण आभार कुणाचे तरी मानावे लागतात. ख्रिस्ती साधक श्वासाकडे पाहतो, तेव्हा तो कुणीतरी दिलेला श्वास असतो. शेजाऱ्यापुढे छाती काढण्यासाठी हा फरक सांगत नाही. आपल्या प्रार्थनेला पत्ता आहे, हे आपल्यालाच आठवावे म्हणून सांगतो.

गेल्या काही वर्षांत मानसशास्त्रही या वाटेवर आले आहे. २००३ मध्ये रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलो या अमेरिकन संशोधकांनी काही लोकांना कृतज्ञतेच्या गोष्टी आणि काहींना कटकटी नियमित लिहायला सांगितल्या. पहिल्या गटाने आपले बरे चालले असल्याचे अधिक सांगितले. तेव्हापासून कृतज्ञतेच्या वह्या दुकानांत आल्या. त्यात वाईट काही नाही. मात्र आपल्याला बरे वाटावे एवढ्याचसाठी आभार मानले, तर त्या आभारात देणारा उरत नाही.

याहून मोठा धोका घरातला आणि देवळातला आहे. कृतज्ञ राहा, हे वाक्य गप्प बसा या अर्थाने पुष्कळदा वापरले जाते. सासरी राबणाऱ्या मुलीला, कमी मजुरी मिळालेल्या खलाशाला, आजारी माणसाला. स्तोत्रसंहितेने हा मार्ग कधीच घेतला नाही. तिच्यात आभारांच्या शेजारी तक्रारी आहेत, आणि ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी समाधानाचे एकही कडवे न जोडता. जो पाहतो त्याला अन्यायही दिसणार. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, ‘सुबोध बायबल’चे लेखक, २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, पण वसईच्या वाड्या आणि विहिरी ओरबाडल्या जाताना हरित वसईच्या आंदोलनात ते रस्त्यावर उतरले होते. वसईच्या हिरवाईबद्दल देवाचे आभार मानणारा माणूस ती वाचवायला उभा राहिला, यात मला काही विसंगत दिसत नाही. २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनीही हेच दोन धागे एकत्र विणले. पृथ्वीच्या ऱ्हासाबद्दल कठोर बोलता बोलता ते शांत लक्षाबद्दल लिहितात आणि लगेच, जेवणाआधी आणि नंतर आभार मानण्याची मोडलेली सवय पुन्हा धरा, असे सांगतात.

ही सवय आज मुद्दाम का शिकावी लागते? याचे कारण मनोरीत डोळ्यांसमोर आहे. पूर्वी कामच पाहायला शिकवत असे. भरती-ओहोटी पाहिल्याशिवाय होडी सुटत नव्हती, आभाळ पाहिल्याशिवाय वलांडीवर बोंबील टांगता येत नव्हते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात जाळी विणताना आणि पाऊस मोजताना समुद्राची आठवण मनात मुरत असे. आता फेरीबोटीने मार्वेला उतरून मालाडच्या कचेऱ्यांत जाणाऱ्या मुलाला भरती कधी आहे हे फोन सांगतो, आणि बोट खाडीच्या मध्यावर असताना त्याची मान त्याच फोनवर झुकलेली असते. मी त्याला दोष देत नाही; त्याच्या पगारावर घर चालते. शहरातल्या अनेक गावठाणांत भातशेती उरलेली नाही, आगेऱ्याची कणसे लांबून आणावी लागतात. मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करण्याचा, दिवसाला २० कोटी लिटरपासून सुरुवात करण्याचा प्रकल्प महापालिकेने आखला आहे. मुंबईला पाणी हवे, हे खरे. त्या पाण्यातून परत समुद्रात जाणाऱ्या खाऱ्या निचऱ्याचे मासळीवर काय होईल, हा कोळ्याचा प्रश्नही तितकाच खरा. समुद्राकडे रोज पाहणारा माणूसच हा प्रश्न विचारू शकतो, आणि असे पाहणारे कमी होत चालले आहेत.

म्हणून हे पुस्तक. त्यात उपदेश कमी आणि रीती जास्त आहेत. धारावी बेटावरच्या आणि वसईच्या घरांतून ऐकलेल्या प्रार्थना-सवयी, वर सांगितलेल्या परंपरांची ओळख आणि रोज करता येतील असे छोटे सराव यांची मांडणी मी दिवसाच्या वेळांनुसार केली आहे: पहाट, कामाची वेळ, जेवण, संध्याकाळची घंटा, झोपेआधीचे परीक्षण. आजारपण आणि मृत्यू यांसाठी स्वतंत्र भाग आहे, आणि त्यात आभाराआधी रडायला जागा ठेवली आहे. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन्ही घरांत वापरता यावे अशी काळजी घेतली आहे. जपमाळ आणि संतांविषयीची पाने एकीकडच्या वाचकांना जवळची वाटतील, टिळकांच्या आणि रमाबाईंच्या वाटेवरची पाने दुसरीकडच्यांना. दोघांनीही एकमेकांची पाने वाचावीत, ही विनंती.

सुरुवात पहिल्या पानापासूनच करायला हवी असे नाही. ज्यांना रात्रीची दहा मिनिटे मिळतात त्यांनी परीक्षणापासून करावी. ज्यांच्या घरी जेवणाचे ताट अजून सगळ्यांसमोर एकत्र येते त्यांनी जेवणाच्या प्रकरणापासून, आणि ताटातले प्रत्येक कालवण कुणाच्या हातून आले याची नावे घेऊन. एक उणीव मला खुपते. रात्रपाळीवर असलेल्या परिचारिका, सुरक्षारक्षक आणि कॉल सेंटरवरची मुले यांचा दिवस इथल्या घंटांच्या वेळापत्रकात बसत नाही. आज आपल्या प्रत्येक गावठाणात अशी माणसे आहेत. त्यांच्यासाठी लिहायला त्यांच्याइतके अधिकारी दुसरे कुणी नाही. त्यांनी आपल्या वेळा आणि आपल्या प्रार्थना कळवल्या, तर पुढच्या आवृत्तीत त्यांना पहिले स्थान मिळेल.